फाइल शेअर केल्यावर कॉम्प्युटर मंदावतो तेव्हा: दमलाय की ताटकळतोय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदगडला राहत्या घरातच फोटो स्टुडिओ. खाली विंडोज १० चा डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. माडीवर मुलीचा विंडोज ११ चा लॅपटॉप. लग्नाचे फोटो वर बसूनही निवडता यावेत म्हणून डेस्कटॉपचा अख्खा डी ड्राइव्ह शेअर केला आणि लॅपटॉपवर तो झेड ड्राइव्ह म्हणून जोडला. तेव्हापासून डेस्कटॉप रखडतो. लॅपटॉपवर ‘धिस पीसी’ उघडायला अर्धा मिनिट लागतो आणि वर्डमध्ये सेव्ह म्हटले की खिडकी पांढरी पडते. एका लग्नाचे ४० जीबी फोटो वर न्यायला दुपार गेली. रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ बरे चालते. दुकानात दाखवल्यावर ‘रॅम वाढवा आणि फॉरमॅट मारा’ असा सल्ला मिळाला. फोल्डरची नावे मराठी-कन्नडमध्ये आहेत, त्यामुळे असे होते का, असेही विचारले आहे.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती एका वाक्यात मिटते: नाही. विंडोज नावे युनिकोडमध्ये ठेवते, तिला मराठी, कन्नड आणि इंग्रजी सारखेच. फक्त फोल्डरात फोल्डर असे करत पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की काही प्रोग्रॅम अडतात, पण तो अडण्याचा प्रकार झाला, मंदावण्याचा नव्हे.

आता मुख्य गोष्ट. फॉरमॅट मारू नका. रॅमही इतक्यात घेऊ नका. फॉरमॅट केल्यावर तुम्ही तोच ड्राइव्ह तसाच शेअर करणार आणि आठवड्याभरात तेच रडगाणे पुन्हा सुरू होणार. बेळगाव-खानापूर भागात घरे आणि दुकाने नेटवर्कने जोडून द्यायचे माझे काम आहे. ‘शेअरिंग केल्यापासून हँग मारूलालाय बघा’ ही तक्रार खडे बाजारातल्या कापडवाल्यापासून उद्यमबागेतल्या वर्कशॉपपर्यंत सगळीकडून येते. त्यातली फॉरमॅटने सुटणारी फारच थोडी असतात.

शेअर केलेला फोल्डर नुसता पडून असेल, कुणी त्यातली फाइल मागत नसेल, तर त्याचा कॉम्प्युटरवर भार जवळजवळ शून्य असतो. कॉम्प्युटर मंदावतो तो दोन कारणांनी. एक तर त्याच्यावर खरोखरच काम येऊन पडलेले असते, म्हणजे तो दमलेला असतो. नाहीतर तो दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट पाहत बसलेला असतो, म्हणजे ताटकळलेला असतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसते: निळे चक्र फिरतेय आणि क्लिक केलेले काही होत नाही. पण उपाय अगदी उलटे आहेत. दमलेल्यावरचे काम कमी करावे लागते, किंवा त्याला चांगली डिस्क द्यावी लागते. ताटकळलेल्याला रॅम द्या, एसएसडी (तबकडी नसलेली वेगवान डिस्क) द्या, तो ताटकळतच राहणार, कारण ज्याची वाट बघतोय ते दुसरीकडेच आहे. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे डेस्कटॉप दमलाय आणि लॅपटॉप ताटकळतोय. एकाच घरात दोन वेगळे रोग, आणि सुरुवात एकाच दिवशी झाल्यामुळे ते एकच वाटतात.

माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून बघा. डेस्कटॉप रखडत असतानाच त्याची नेटवर्कची केबल काढा. वायफायचा डोंगल असेल तर तो काढा. मिनिटभर थांबा. कॉम्प्युटर हळूहळू हलका झाला तर भार बाहेरून, म्हणजे लॅपटॉपकडून येत होता. काहीच फरक पडला नाही तर कारण डेस्कटॉपच्या पोटातच आहे. लॅपटॉपवरही तेच करा: वायफाय बंद करून ‘धिस पीसी’ उघडा. पटकन उघडला तर लॅपटॉप निरोगी आहे, तो फक्त झेड ड्राइव्हची वाट बघत होता. या दोन चाचण्यांना पैसा लागत नाही, म्हणून दुकानदार त्या सांगत नाहीत असे मी म्हणणार नाही. पण सांगत नाहीत हे खरे.

डेस्कटॉपपासून सुरू करू, कारण तिथे जास्त काही दडलेले असते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. कॉम्प्युटर रखडलेला असताना प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर, मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र १०० टक्के, असे चित्र दिसेल अशी माझी अटकळ आहे. तसेच दिसले तर रॅमचा विषय तिथेच संपला. डिस्कच्या आलेखाखाली ‘अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ असतो, तो बघा. फिरत्या तबकडीची डिस्क कामात असताना तो काही दशक मिलिसेकंद असणे ठीक. शेकड्यांत किंवा हजारांत गेला आणि तिथेच राहिला, तर डिस्कवर तिच्या ताकदीबाहेरचे काम आले आहे किंवा डिस्क आजारी आहे.

याच पानाच्या तळाशी ‘ओपन रिसोर्स मॉनिटर’ अशी ओळ असते. त्यात डिस्कच्या भागात कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वाचतोय ते नावानिशी दिसते. इथे बहुतेक जण फसतात. नेटवर्कवरून मागितलेल्या फाइली ज्या प्रोग्रॅमच्या नावावर दिसतात त्याचे नाव ‘सिस्टम’. तो बंद करता येत नाही. लोक ते बघतात, ‘विंडोजच खातेय’ म्हणतात आणि फॉरमॅटच्या निष्कर्षाला येतात. पण शेजारी फाइलचे नाव वाचा. तुमच्या लग्नाच्या फोल्डरातले फोटो एकामागून एक सरकताना दिसले, तर तो विंडोजचा दोष नाही, माडीवरून आलेली मागणी आहे. खात्री करायची तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडा. त्यात ‘शेअर्ड फोल्डर्स’ खाली ‘सेशन्स’ आणि ‘ओपन फाइल्स’ असतात. कोण जोडलेले आहे आणि त्याने काय उघडून ठेवलेय ते तिथे कळते. कधी कधी तिथे लॅपटॉपऐवजी हॉलमधल्या टीव्हीची किंवा मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओ अॅपची नोंद निघते.

आता लॅपटॉपवर कुणी काम करत नाही, नुसते फोल्डर उघडून ठेवलेय, तरी फोटो का सरकतात? छोट्या चित्रांमुळे, ज्यांना विंडोज थंबनेल म्हणते. मोठ्या आयकॉनच्या रचनेत फोल्डर उघडला की लॅपटॉप प्रत्येक फोटो नेटवर्कवरून मागवतो, वाचतो आणि त्याचे चिमुकले चित्र बनवतो. लग्नाच्या फोल्डरात दोन-अडीच हजार फोटो आणि प्रत्येक फोटो आठ-दहा एमबीचा. म्हणजे तुम्ही नुसता फोल्डर उघडून खालपर्यंत सरकवलात तरी डेस्कटॉपला हजारो फाइली उघडाव्या लागतात. तबकडीच्या डिस्कला सलग वाचन जमते. इथून एक, तिथून एक असे वाचायला लावले की तिचा दम निघतो. त्यात डेस्कटॉपवर बसून तुम्ही त्याच डिस्कवरून फोटोशॉपमध्ये काम करत असता. शिवाय उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलकडे अँटिव्हायरस नजर टाकून जातो, बऱ्याचदा दोन्हीकडचा.

उपाय सोपा आहे. लॅपटॉपवर झेड ड्राइव्हमधले फोल्डर ‘डिटेल्स’ रचनेत बघायची सवय लावा. त्या यादीत ‘डेट टेकन’ हा स्तंभ असेल तर तो काढा, कारण तो भरायलाही प्रत्येक फोटोच्या आत डोकवावे लागते. हे जमत नसेल तर फोल्डर ऑप्शन्सच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ वर खूण करा. पण मग लॅपटॉपवर स्वतःच्या फोटोंचीही छोटी चित्रे दिसणार नाहीत, आणि मुलगी कुरकुर करेल. ‘थंब्स’ नावाची एक लपलेली फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरात तयार होते, तीही याचाच परिणाम. कधी फोल्डर पुसताना ‘वापरात आहे’ असे उत्तर येते ते बहुधा तिच्यामुळे.

दुसरी गोष्ट शोधाची. झेड ड्राइव्ह उघडून वरच्या कोपऱ्यात कुणी ‘पाटील लग्न’ असे टाइप केले की बहुतेक वेळा लॅपटॉप नेटवर्कवरून डी ड्राइव्हचा कोपरा न् कोपरा धुंडाळायला लागतो. खिडकी बंद होईपर्यंत ते चालूच राहते. शोधायचेच असेल तर खाली डेस्कटॉपवर शोधा.

तिसरी गोष्ट म्हणजे अख्खा ड्राइव्ह शेअर करणे. मला ही सवयच आवडत नाही. आधी सगळा डी ड्राइव्ह शेअर होतो, मग लॅपटॉपवर ‘परवानगी नाही’ येते, मग कुणीतरी सिक्युरिटीच्या पानावर जाऊन ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देतो. त्या क्षणी विंडोज त्या ड्राइव्हवरच्या एकेका फाइलवर ती परवानगी नोंदवायला बसते. लाखभर फोटो असतील तर हे बराच वेळ चालते आणि तेवढा वेळ डिस्क धापा टाकते. लोक मध्येच कंटाळून कॉम्प्युटर बंद करतात, मग अर्ध्या फाइलींना परवानगी आणि अर्ध्यांना नाही. याहून वाईट म्हणजे लॅपटॉपवर एखादा व्हायरस आला तर त्याला तुमचा संपूर्ण डी ड्राइव्ह लिहायला मोकळा. ड्राइव्हचे शेअरिंग काढा. ‘निवडीसाठी’ असा एकच फोल्डर करा, तोच शेअर करा. डेस्कटॉपवर मुलीच्या नावाने पासवर्डसहित वेगळे खाते करा आणि त्या खात्यालाच परवानगी द्या. ज्या लग्नाची निवड चालू आहे तेवढेच त्या फोल्डरात ठेवायचे.

चौथी गोष्ट डिस्कच्या तब्येतीची, आणि तुमच्या बाबतीत मला तिचीच जास्त काळजी आहे. शेअरिंग सुरू झाल्यावर वर्षानुवर्षे न उघडलेले फोल्डर कुणीतरी वाचायला लागते. ज्या जागा खराब झाल्या आहेत त्या इतके दिवस कुणी वाचल्याच नव्हत्या म्हणून कळले नव्हते. आता डिस्क त्या जागी अडते, पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर सगळा कॉम्प्युटर थबकतो. रीस्टार्टने तात्पुरते बरे वाटते, कारण अडकलेल्या मागण्यांची रांग मोडते. विंडोजच्या बिघाडांच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्युअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टम’ बघा. तिथे ‘डिस्क’ या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतील तर लक्ष द्या. ७ म्हणजे खराब जागा सापडली, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावे लागले. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम डिस्कची स्वतःची नोंदवही दाखवतो. तिथे ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर असेल, तर मंदपणाचा विषय बाजूला ठेवा. आधी गिऱ्हाइकांचे फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या. अशा डिस्कवर ‘चेक डिस्क’ किंवा फॉरमॅट चालवणे म्हणजे तिच्यावर आणखी ताण टाकणे. हे सगळे नकल झाल्यावर करा.

शोध सूची बनवणारा विंडोजचा इंडेक्सर आणि फोटो आपोआप इंटरनेटवरच्या क्लाउडमध्ये चढवणारे प्रोग्रॅमही डिस्क खातात. शेअर केलेला फोल्डर त्यांच्या यादीतून वगळा, एवढेच.

आता माडीवर जाऊ. लॅपटॉपचे दुखणे वेगळे आहे. झेड ड्राइव्ह म्हणजे लॅपटॉपने ‘हा पत्ता माझाच समज’ असे मनाशी धरलेले असते. ‘धिस पीसी’ उघडताना, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये सेव्ह म्हणताना तो झेडला हाक मारतो. पलीकडे डेस्कटॉप बंद असेल, झोपलेला असेल किंवा त्याचा पत्ता बदललेला असेल, तर उत्तर येत नाही. पत्त्यावर कुणीच नसेल तर विंडोज वीसेक सेकंद वाट बघते, मग पुन्हा प्रयत्न करते. तुमचे अर्धे मिनिट तिथे जाते.

पत्ता बदलतो कसा, हे आपल्याकडच्या विजेच्या खेळात समजून घेण्यासारखे आहे. वीज गेली की डेस्कटॉप यूपीएसवर चालू राहतो, राउटर मात्र भिंतीवरच्या साध्या प्लगला असतो, तो विझतो. वीज आली की राउटर नव्याने उठतो आणि घरातल्या उपकरणांना नव्याने पत्ते वाटतो. काल १९२.१६८.१.५ वर असलेला डेस्कटॉप आज १.८ वर गेलेला असू शकतो. तुम्ही झेड ड्राइव्ह आकड्याच्या पत्त्याने जोडला असेल तर लॅपटॉप रिकाम्या घराचे दार वाजवत राहतो. राउटरच्या पानावर डेस्कटॉपसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो, बहुतेक राउटरवर त्याला ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ म्हणतात. ते करा, आणि राउटरची वायर यूपीएसवर घ्या. राउटर फार थोडी वीज घेतो, यूपीएसला त्याचे ओझे होत नाही.

झोपेचेही तसेच. डेस्कटॉपच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘स्लीप’ची वेळ ‘नेव्हर’ करा, आणि ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ ही बारीक ओळही शोधा. ती बहुधा २० मिनिटांवर असते. डिस्क थांबलेली असली की माडीवरून पहिली मागणी आल्यावर तबकडी पुन्हा वेग घेईपर्यंत काही सेकंद जातात. लॅपटॉपवर बसलेल्याला तेवढा वेळ सगळे गोठल्यासारखे वाटते.

मुलीला झेड ड्राइव्ह रोज लागत नसेल तर तो काढूनच टाका: त्यावर उजवी क्लिक, ‘डिस्कनेक्ट’. गरज पडेल तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवलेल्या शॉर्टकटवरून शेअर केलेला फोल्डर उघडायचा. फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये अलीकडच्या फाइली दाखवण्याची खूण काढा, नाहीतर नेटवर्कवरच्या जुन्या फोटोंची चौकशी तो परत परत करत राहतो.

वर्ड उघडायलाच वेळ लागत असेल तर प्रिंटर बघा. ही गोष्ट निम्म्या तंत्रज्ञांच्याही ध्यानात येत नाही. फाइल शेअर करताना लोक हातासरशी प्रिंटरही शेअर करतात आणि लॅपटॉपवर तोच मुख्य प्रिंटर होऊन बसतो. वर्ड आणि एक्सेल उघडताना पानाची मापे घेण्यासाठी मुख्य प्रिंटरला विचारतात. खालचा डेस्कटॉप बंद असला की तेही ताटकळतात. प्रिंटर्सच्या सेटिंगमध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा आणि ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ला मुख्य करा. छापायचे असेल तेव्हा खालचा प्रिंटर निवडा.

राहिला प्रश्न ४० जीबीचा. इथे रोग नाही, नुसता हिशेब आहे. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइली मेगाबाइटमध्ये मोजतात. मधे ८ ने भागाकार. १०० मेगाबिटची केबल असेल तर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास मिळतात, ४० जीबीला साधारण तास लागतो. गिगाबिट केबलवर नेटवर्क ११० एमबीपर्यंत देते, मग तुमची डिस्क जेवढे देईल तेवढे. तेच काम आठ-दहा मिनिटांत व्हायला हरकत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर एका अँटेनाच्या साध्या डोंगलला कागदावरच ७२ मेगाबिट मिळतात आणि हातात त्याच्या निम्मेही येत नाहीत. त्यात दोन्ही कॉम्प्युटर वायफायवर असतील तर प्रत्येक फोटो डेस्कटॉपकडून राउटरकडे आणि राउटरकडून लॅपटॉपकडे असा हवेतून दोनदा जातो, वेग पुन्हा अर्धा. सेकंदाला ४ एमबी मिळाले तरी पावणेतीन तास, आणि तुमच्या मधल्या भिंती बघता तेवढेही मिळत नसावेत. दुपार गेली यात काही नवल नाही.

भिंतींचे म्हणाल तर खानापूर तालुक्यातल्या जुन्या चिऱ्याच्या घरांत वायफायची परीक्षाच असते. हातभर जाडीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा वायफाय जवळजवळ जातच नाही, २.४ चा जातो पण लंगडत. रिपीटर लावायचा सल्ला कुणी देईल. साधा रिपीटर तीच हवा पुन्हा वापरतो, त्यामुळे कांडी भरलेली दिसते आणि वेग मात्र वाढत नाही. मी तुमच्या जागी असतो तर एकच केबल टाकली असती: राउटरपासून जिन्याच्या कडेने माडीवर, केसिंग पट्टीतून, विजेच्या वायरपासून जरा अंतर राखून. लॅपटॉपला केबलचे तोंड नसेल तर यूएसबीचा गिगाबिट अॅडॉप्टर मिळतो.

केबल घेताना पूर्ण तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ मागा. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही तशीच दिसते. ती वाकवली की तुटते आणि पावसाळ्यात तोंडाशी गंजते. ही तुटण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एक तार तुटली तर नेटवर्क बंद पडत नाही, बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरते. तुम्हाला वाटते सगळे ठीक आहे. नेटवर्क कनेक्शनच्या ‘स्टेटस’मध्ये वेग लिहिलेला असतो. तिथे १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसले तर केबल, तिचे तोंड किंवा राउटर यांपैकी एक जण गुन्हेगार. इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या पुष्कळ राउटरना केबलची तोंडेच १०० ची असतात. मग मधे पाच तोंडांचा गिगाबिट स्विच (केबली एकमेकींना जोडणारी छोटी पेटी) लावायचा, हजार-पंधराशेत येतो. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की राउटरचा प्लग आणि अंगणातून आलेली तांब्याची केबल दोन्ही काढून ठेवा. वीज जवळ पडून केबलचे तोंड अर्धवट जळाले की ते चालते पण रडत चालते, आणि असा दोष शोधायला फार वेळ जातो.

केबल टाकल्यावरही माडीवरून थेट झेड ड्राइव्हवरच्या फाइलीवर फोटोशॉपचे काम करू नका. फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घ्या, तिथे काम करा, झालेले परत पाठवा. हजारो बारीक फाइली एकेक करून पाठवायला एका मोठ्या फाइलीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलीमागे दोन कॉम्प्युटरांची विचारपूस होते. म्हणून छोट्या जेपेगचा गठ्ठा झिप करून न्या. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (त्याची सूचीची फाइल) तर नेटवर्क ड्राइव्हवर उघडतच नाही. शहापूर-वडगावच्या काही व्यापाऱ्यांनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा वायफायवरून शेअर केलेला असतो, त्यांना मी हेच सांगतो, जरा कडक शब्दांत. लिहिता लिहिता जोडणी तुटली तर फोटो पुन्हा नेता येतो, वहीखाते बिघडले तर मार्चमध्ये कळते.

यूट्यूबवर या विषयावर जे मिळते त्यातल्या दोन गोष्टींपासून लांब राहा. एक म्हणजे ‘एसएमबी १ चालू करा’. फाइल शेअरिंगची ही जुनी पद्धत २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मुळात बसवली जात नाही किंवा वापरली नाही तर आपोआप काढली जाते, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर जो धुमाकूळ घातला तो याच पद्धतीतल्या भोकातून. तुमच्या दोन्ही कॉम्प्युटरना तिची गरज नाही. दुसरी म्हणजे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, आकडे बदलून ‘नेटवर्क दुप्पट फास्ट’. दहापैकी नऊ वेळा काही होत नाही आणि दहाव्या वेळी काय बदलले ते आठवत नाही. लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो ची २४एच२ आवृत्ती असेल तर ती पासवर्डशिवायचे शेअरिंग नाकारते आणि नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर डिजिटल सहीची मागणी करते. जुन्या प्रोसेसरवर त्याचा थोडा भार पडतो. म्हणूनही वर सांगितलेले पासवर्डचे खाते करा, सही बंद करायच्या भानगडीत पडू नका.

खर्च करायचाच असेल तर क्रम असा ठेवा. पहिल्यांदा फोटोंच्या नकलेसाठी बाहेरची यूएसबी डिस्क, तीही डिस्कची नोंदवही बघितल्यावर लगेच. मग डेस्कटॉपला एसएसडी, त्यावर विंडोज आणि चालू कामाचे फोल्डर. जुनी डिस्क निरोगी निघाली तर ती नुसत्या साठवणीला ठेवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा एसएसडी टाकताना कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालतो का तेही दुकानात विचारून घ्या. केबल तिसऱ्या नंबरावर. रॅम यादीत नाही.

इतके करूनही डेस्कटॉप रखडला तर पुढची चौकशी करायला मला चार गोष्टी लागतील: रखडलेला असताना डिस्कचा टक्का आणि रिस्पॉन्स टाइम, रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘सिस्टम’समोर दिसलेल्या फाइलींची नावे, नेटवर्कच्या ‘स्टेटस’मधला वेग, आणि इव्हेंट व्ह्युअरमध्ये ७ किंवा १५३ च्या नोंदी होत्या की नाही. मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढलेत तरी चालतील, फक्त आकडे वाचता यायला हवेत.